हवालदारांचा सिक रिपोर्ट

आमचे हवालदार उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागं. डावा पंजा उजव्या मनगटावर, छाती पुढं, पाय फाकवलेले. लिफ्टमध्ये तसेच, भाजीच्या गाडीपुढं तसेच. सोसायटीतले लोक कौतुकानं म्हणायचे, "काकी, काकांचा विश्राम बघा! फौज सोडून पंचवीस वर्षं झाली, सवय काय सुटत नाय." मी म्हणायची, "सुंभ जळतो, पण पीळ जातो काय?" ते हसायचे, मीपण हसायची. पण त्या पाठीमागं काय चाललंय ते एकट्या मलाच माहीत होतं. डावा हात उजव्याला धरून ठेवायचा. कोंबडी सुटून पळू नये म्हणून धरतात ना, तसा.

हवालदार म्हणजे माझा नवरा, दौलत. आम्ही कोलशेतचे कोळी. माझं माहेर डोंबिवलीजवळचं खाडीकाठचं कोपर. लग्न झालं तेव्हा हे पलटणीतून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेले, हळद उतरायच्या आधी परत गेलेसुद्धा. मी सासूच्या हाताखाली टोपली घेऊन बाजारात बसले आणि यांनी कुठं कुठं बर्फात पाय रोवले. पेन्शनीत आले तेव्हा डोक्यावरचे केस काळेभोर होते. त्या वयात आमच्याकडं माणूस नुकता कुठं होडीचा मालक होतो, आणि हे म्हणे रिटायर! मग कोलशेतच्याच एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झाले. तेपण संपलं. आता आम्ही मुलाकडं राहतो, घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये. गॅलरीतून खाडी दिसते. वास येत नाय, तेवढंच बरं असं टॉवरवाले म्हणतात. मला तो वास आला असता तर झोप लागली असती.

घरात यांची पलटण चालूच. पाचला उठायचं, चादरीला सुरकुती नको, बूट पलंगाखाली एका रेषेत. खाली बाकड्यांवर म्हातारे बसतात, गुडघे, शुगर, ढेकर, सगळं एकमेकांना सांगतात. हे तिकडं फिरकायचे नायत. "वो सब सिक रिपोर्ट पार्टी है," म्हणायचे.

हा सिक रिपोर्ट काय ते मी लग्नापासून ऐकत आलेय. पलटणीत सकाळी सगळे रांगेत उभे राहिले की विचारायचे, आज सिक रिपोर्ट कुणाला द्यायचाय? ज्याला ताप आहे, काही दुखतंय, त्यानं रांगेतून एक पाऊल पुढं यायचं. बस, एवढंच. पण जो पुढं यायचा त्याची बाकीचे दिवसभर सालटी काढायचे, कामचोर, बाईमाणूस, काय काय. हवालदार छाती फुगवून सांगायचे, "चोवीस वर्षात एकदापण पाऊल पुढं टाकलं नाय." पायाचं एक बोट बर्फात काळं पडलं, अर्धं कापावं लागलं, ते पण दुसऱ्या कुणीतरी सायबाला सांगितलं म्हणून. आणि ह्याचा यांना अभिमान! मी म्हणायची, "अर्ध्या बोटाचा काय अभिमान, अहो? वेळेवर सांगितलं असतं तर पुरं राहिलं असतं." तर म्हणायचे, "तुला नाय कळणार, शेवंते."

अशा माणसाचा हात कापायला लागला.

आधी गौरीच्या दिवसात, आरतीचं ताट धरलेलं, तेव्हा कापूर विझला. मी म्हटलं वारा असेल. वारा कुठला, पंखा बंद होता. नंतर चहा. भरलेला कप उचलला की बशीत टकटक वाजायचं. मग मी स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा द्यायला लागले. यांनी विचारलं नाय अर्धा का, मी सांगितलं नाय. जेवायला हे संध्याकाळी सातच्या ठोक्याला बसायचे. संदेश आणि सूनबाई प्राची ऑफिसातून त्या घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटून येईपर्यंत यांचं ताट धुऊन पालथं झालेलं असायचं. पोरं म्हणायची, पप्पांचं फौजी टायमिंग! आणि दाढी? फौजी माणूस दाढी वाढवायचा नाय, काही झालं तरी. एका सकाळी बाथरूममधून हाक आली, "शेवंते, जरा इकडं ये." गेले तर गळ्यावर तीन ठिकाणी रक्त. वस्तरा माझ्या हातात दिला, दार आतून लावलं आणि हनुवटी वर केली. तेव्हापासून रोज सकाळी दार लावून मी यांची दाढी करते. त्यावर आमच्यात एक शब्द कधी झाला नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकायची तर ती आधी स्थिर पाहिजे ना!

डॉक्टरचं नाव काढलं की डोळे वटारायचे. एकदा मी म्हटलं, संदेशला तरी सांगूया. तर म्हणाले, "सांग. उद्यापासून मला खालच्या बाकड्यावर नेऊन बसव." मग मी संदेशला काय सांगितलं नाय.

सगळं गेलं, एक झेंडा राहिला होता. सोसायटीत राहायला आलो त्या वर्षापासून पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा बांधायचा तो हवालदारांनीच. घडी कशी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या किती, दोरीची गाठ अशी की खालून एक झटका दिला की सुटली पाहिजे, पाकळ्या पडल्या पाहिजेत. त्या दिवशी ब्लेझर, त्यावर मेडलं. लोक येऊन पाया पडायचे. वर्षातले दोन दिवस हे पुन्हा हवालदार व्हायचे, बाकीचे दिवस नुसते काका.

गेल्या ऑगस्टला गाठ मारायला यांना इतका वेळ लागला की लोक घड्याळं बघायला लागले. म्हणून यंदा जानेवारीत सेक्रेटरी केतन घरी आला. पोरगा वाईट नाय, गोड बोलतो. "काका, मी काय म्हणतो, या वेळी तुम्ही फक्त ऑर्डर द्या. सावधान वगैरे. बांधायचं आपला इलेक्ट्रिशियन बघेल. तुम्हाला उगाच थंडीत त्रास."

हवालदारांच्या जबड्याचं हाड हललं. "इलेक्ट्रिशियन? तिरंगा है, ट्यूबलाइट नहीं."

"तसं नाही काका..."

"माझे हातपाय शाबूत आहेत तोवर झेंडा मी बांधणार. नंतर मला पण बांधा आणि न्या."

केतन हात जोडून गेला. जाताना माझ्याकडं असं बघितलं की तुम्ही तरी समजवा. मी नजर फिरवली.

आता माझंपण सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. त्या टॉवरमध्ये मी कधी मोकळी झालेच नाय. आल्या आल्या पहिल्या महिन्यात मी गॅलरीत सुके बोंबील भाजलेले. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या करिश्मानं लिहिलं, कुठून तरी असह्य दुर्गंधी येतेय, कृपया. प्राचीनं मला वाचून दाखवलं नाय, पण मी संदेशचा चेहरा बघितला. तेव्हापासून बोंबील बंद. बाजारात तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी मी, लिफ्टमध्ये तोंड उघडेनाशी झाले. बोलले की कोळीण कळते, म्हणून गप्प. हवालदारांच्या मेडलांमागं लपलेले मी, खरं सांगायचं तर. फौजीची बायको म्हटलं की मासेवाली कुणी म्हणत नाय.

सव्वीस तारखेला पहाटे यांनी मला उठवलं. दाढी रात्रीच माझ्याकडून करून घेतलेली. "फुलं घे, चल खाली." मी शाल गुंडाळली. खाली कुणी नव्हतं, वॉचमन केबिनमध्ये पेंगत होता. धुकं इतकं की खांबाचं टोक दिसत नव्हतं. यांनी पिशवीतून झेंडा काढला, बाकड्यावर इस्त्रीची चादर पसरली, घडी घातली. घडी नीट झाली. पाकळ्या मी टाकल्या. मग दोरी घेतली आणि हात सुटला.

असा कापताना मी तो कधी बघितला नव्हता. थंडी होती, त्यात भीती. दोरीचं टोक फाशात जाईना. एकदा, दोनदा. मी दुसरीकडं बघत उभी राहिले, कारण बघितलेलं यांना आवडलं नसतं. मग यांचा आवाज आला, इतका हळू की मला आधी वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"शेवंते, तू बांध."

आई एकवीरे! लग्नाला चाळीसवर वर्षं झाली, या माणसानं मला कधी बुटाची लेसपण बांधू दिली नाय.

मी दोरी घेतली. हे सांगत गेले, मी करत गेले. इथून वळण घे, असा फास काढ, घट्ट ओढू नकोस, टोक सैल ठेव. झालं. "आता बघ, एक झटका दिला की सुटणार," म्हणाले आणि इकडंतिकडं बघत दोन पावलं मागं जाऊन उभे राहिले. हात पाठीमागं.

आणि माझ्या बोटांनी घात केला. माझा बाप कोपरला ओट्यावर बसून जाळी विणायचा आणि मी लहानपणापासून त्याच्या बाजूला. जाळ्याची गाठ कशी असते? पाण्याचा झटका बसला की ती सुटायची नाय, उलट आवळायची. बाप म्हणायचा, सैल गाठ म्हणजे पोटाला भोक. ती सैल दोरी हातातून सोडताना मला कसंतरी झालं. उघडंवाघडं वाटलं. बोटांनी आपोआप आणखी एक वळसा घातला आणि आवळला. मी विचार केला नाय. दोरी दिसली, बोटं चालली. मग आम्ही दोघांनी दोरी ओढून ते गाठोडं धुक्यात वर चढवलं. हवालदार वर बघून म्हणाले, "शाबास."

आठ वाजता सगळे जमले. पांढरे कपडे, पोरांच्या हातात कागदी झेंडे, एका टेबलावर जिलेबी. हवालदार ब्लेझरमध्ये, मेडलं लावून, रांगेच्या पुढं. झेंडा फडकवायचा मान बी विंगच्या शांताबाईंना, सोसायटीतल्या सगळ्यात वयस्कर. चिमणीएवढी बाई, नऊवारी नेसलेली. हवालदारांनी आवाज दिला, "परेड... सावधान!" काय आवाज! समोरच्या बिल्डिंगवरून परत आला. माझा ऊर भरून आला. म्हटलं, निभलं.

शांताबाईंनी दोरी ओढली. काही नाय. पुन्हा ओढली. वर गाठोडं नुसतं डुललं.

"माझ्यात जोर नाही हो," त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या. केतन धावला, त्यानं हिसका दिला. मला खालूनच कळलं, आवळली. आणखी एक हिसका, आणखी आवळली. अरे ओढू नका, ओढाल तितकी ती धरेल, असं माझ्या ओठावर आलं आणि ओठावरच राहिलं.

तेवढ्यात स्पीकरवाल्यानं राष्ट्रगीत लावलं. त्याला काय माहीत! दोरी ओढली की बटण दाबायचं एवढंच त्याला सांगितलेलं.

आता कुणी हलायचं नाय. सगळे ताठ. वर बांधलेलं गाठोडं, खाली गाणं. लोक आधी वर बघत होते, मग त्यांच्या नजरा एकेक करून खाली उतरल्या आणि हवालदारांवर थांबल्या. दर वर्षी झेंडा फडफडायचा, सगळ्यांचे डोळे वर असायचे, यांच्याकडं कोण बघतंय? या वेळी वर बघायला काही नव्हतं. आणि सावधानमध्ये हात पाठीमागं नेता येत नायत. उजवी मूठ पँटच्या शिवणीला चिकटवलेली, आणि ती मूठ थडथड उडत होती. मेडलं किणकिणत होती. करिश्मानं शेजारणीला कोपरानं ढोसलं. माझ्या बाजूला संदेश होता. त्यानं वडलांचा हात बघितला, माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गाणं संपलं. केतननं गाठोडं खाली घेतलं. तो आणि दोघंतिघं गाठीशी झटले. दवानं दोरी भिजलेली, नखं लागेनात. कुणीतरी म्हणालं, "कात्री आणा रे."

"कात्री नहीं लगेगी!" हवालदार ओरडले. "झेंड्याला कात्री?" पुढं गेले, स्वतः दोरी हातात घेतली. आणि वर खांबाच्या टोकाला जी लोखंडी कप्पी आहे ती वाजायला लागली. टिंग टिंग टिंग टिंग. यांच्या हाताचं कापणं दोरीतून वर चढून कप्पीतनं वाजत होतं, अख्ख्या सोसायटीला ऐकू येईल असं. पोरं वर बघायला लागली. मागं एक पोरगा फिसकन हसला. "फौजी ना, मग गाठ कशी येत नाय?" त्याच्या आईनं त्याला गप्प केलं, पण हसू तिलापण आवरत नव्हतं.

मला ती गाठ डोळे मिटून सोडवता आली असती. उलट्या बाजूनं अंगठा घालायचा आणि मागं ढकलायचं. दोन पावलं पुढं गेले असते तर झालं असतं. नाय गेले. स्वतःला सांगत होते, मी गेले तर कळेल की बायकोकडून बांधून घेतलं, यांचीच इज्जत जाईल, म्हणून नाय जात. खोटं आहे ते. मला ऐकू येत होतं, लोक काय म्हणतील: मासेवालीनं झेंडा बांधला. माझी लाज मी यांच्या नावावर खपवत होते, आणि यांचा हात सगळ्यांसमोर वाजत होता.

केतन हळूच पुढं आला. "काका, राहू द्या. वय झालं, होतं असं. आम्ही बघतो."

हवालदारांनी दोरी सोडली. कप्पी थांबली. ते वळले, लोकांकडं तोंड केलं, सावधान झाले आणि रांग नव्हती तरी रांगेतून यावं तसं एक पाऊल पुढं टाकलं. मला ते पाऊल कळलं. बाकी कुणाला कळलं नसेल. मी चाळीस वर्षं त्याच पावलाची गोष्ट ऐकत आलेली.

"गाठ मी बांधली," म्हणाले. आवाज मोठा नव्हता पण स्वच्छ होता. "चूक माझी आहे. माझा उजवा हात कापतो. दीड वर्ष झालं. मी कुणाला कळवलं नाय. माफी असावी."

आणि तेव्हा, तेव्हा मेली मी पुढं झाले. आता कशाला, पण झाले. भोकाड पसरल्यासारखी बाजारातल्या आवाजात ओरडले, "खोटं बोलतात हे! यांनी नाय बांधली! हात-बित काय कापत नाय यांचा, थंडी आहे म्हणून! गाठ माझी आहे, जाळ्याची गाठ आहे, ती झटक्यानं सुटत नाय!" आणि अंगठा घातला, ढकलला. एका क्षणात सुटली. पाकळ्या माझ्या चपलांवर पडल्या.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी हवालदारांकडं बघितलं. मला वाटलेलं, यांना बरं वाटेल. बायकोनं अंगावर घेतलं, मान राखला. यांचा चेहरा असा झाला होता की कुणी तोंडात मारावी. कापणारा हात पाठीमागं गेला. केतननं झेंडा पुन्हा चढवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, जिलेबी वाटली. आमच्या हातात कुणीतरी प्लेटा दिल्या. मी खाल्ली नाय. यांनी खाल्ली, डाव्या हातानं.

दिवसभर हे गॅलरीत बसून होते. संदेश जाऊन म्हणाला, "पप्पा, हाताला खरंच काही होतंय का?" तर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ही सांगतेय ना, नाय म्हणून." पोरगा माझ्याकडं बघत राहिला. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली, घासलेली परत घासली.

सत्तावीसला सकाळी मला वाटलं, आता हाक येणार नाय. आली. बाथरूममध्ये गेले. दार लावलं. साबणाचा फेस लावला, हनुवटी वर केली. वस्तरा गळ्यावर ठेवला आणि हे बोलायला लागले. डोळे बंद.

"आयुष्यात एकदा सिक रिपोर्ट दिला, शेवंते. सत्तराव्या वर्षी. पाऊल टाकताना किती जोर लागला तुला माहीत आहे? गाठीचं मी खोटं बोललो, तुझ्यासाठी. पण हाताचं खरं होतं. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, हात कापत नाय. माझं खरं होतं तेवढंच तू खोटं पाडलंस. आता परत कुणाला सांगू, आणि कुठल्या तोंडानं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे आयुष्यभर मीच म्हणत आले, वेळेवर सांगायचं असतं. आणि सांगितलं त्या दिवशी तोंड दाबणारी कोण, तर मी. माझ्या डोळ्याला धार लागली, वस्तरा दिसेना. माझा हात हलला. जबड्याखाली बारीक लाल रेघ उमटली.

"अगो बाय! लागलं, अहो, लागलं..."

"काय नाय. पुरी कर." तुरटी मागितली, स्वतः लावली. लावताना हात उडत होता, फेस आरशावर उडला. पुसला नाय. मग यांनी दाराची कडी काढली आणि बाहेर जाऊन थेट डायनिंग टेबलाशी बसले, जिथं संदेश आणि प्राची ऑफिसला निघायच्या गडबडीत नाश्ता करत होते. रोज हे आधीच उरकलेले असतात. पोरं चमकली.

मी मागोमाग आले. सवयीनं स्टीलचा ग्लास काढला, अर्धा भरला.

संदेशनं जबडा बघितला. "पप्पा, हे काय? रक्त येतंय. कसं कापलं?"

मी तोंड उघडलं. माझ्या हातून, संदेश, असं म्हणायला. हवालदारांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाय. पलटणीत सायेब परवानगी देईपर्यंत जवान बघत असेल ना, तसं काहीतरी. मी तोंड मिटलं.

"दाढी करताना," हे म्हणाले. "हात कापतो माझा."

प्राचीनं चमचा खाली ठेवला. संदेश खुर्ची ओढून जवळ बसला. "कालपण तेच म्हणालात, पण आई म्हणाली की..." तो थांबला. "कधीपासून पप्पा?"

"तिला विचार."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. माझी मान वर होईना. ओट्यावर हात टेकून मी खाली बघत उभी राहिले, आणि बोलले.

"गेल्याच्या गेल्या गौरीपासून," मी म्हटलं. "खरंय त्यांचं. दाढीपण मीच करते."